फाटकाच्या मापाचं जहाज

२ फेब्रुवारी

वकीलसाहेब,

वर्कशॉपच्या दारात उभं राहून तू म्हणाला होतास, "ताई, एक दिवस कोणीतरी तुला कोर्टात खेचणार, आणि त्या दिवशी माझ्याकडे येऊ नकोस." अजून कोणी खेचलेलं नाही. म्हणजे आत्ता यायला हरकत नाही. शिवाय आपण बोलणं टाकलंय, लिहिण्याचं काही ठरलं नव्हतं.

बाबा गेल्यावर वर्कशॉप बंद करायचं की नाही, यावरून आपण एकमेकांना जे काही बोललो ते आज मी उकरत नाही. वर्कशॉप चालू आहे, जाळ्या आणि फाटकं अजून माझ्याच हातची लागतात, एवढं तुझ्या माहितीसाठी. आता ऐक. मला दम निघत नाहीये.

आम्ही जहाज बांधलंय!

वर्कशॉपच्या समोर शाळेची भिंत आहे ना, तिच्या पलीकडे लहान वर्गांचं मैदान. तिथली घसरगुंडी गंजून भोकं पडली म्हणून वर्षापूर्वी काढून नेली. तेव्हापासून मधल्या सुट्टीत पोरं भिंतीला पाठ लावून उभी. मला ना मूल ना बाळ, पण रोज समोर ते बघायचं म्हणजे डोक्याला ताप. नवीन तयार साहित्य घ्यायची शाळेची ऐपत नाही. मग एका रविवारी मी, बसचालक (त्याची दोन पोरं त्याच शाळेत आहेत), कोपऱ्यावरचा बेकरीवाला आणि चित्रकलेच्या बाई असे चौघं बसलो आणि म्हटलं, आपणच करू की!

पुढे टोकदार नाळ, म्हणजे जहाजाचं नाक, मग खालचा डेक, वर माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर वरचा डेक, दोन्हींना चारी बाजूंनी गजांचा कठडा, एका अंगाला दोरांची जाळी, मागून घसरगुंडी. सुकाणू म्हणून भंगारात गेलेल्या खऱ्या बसचं चाक! ते फिरतं! बेकरीवाल्याने सगळं निळं रंगवलं आणि स्वतःलाही. मजबुती विचारशील तर आम्ही चौघं एकदम वरच्या डेकवर चढून नाचलो. बेकरीवाला एकटाच दोन माणसांचा आहे. हूं नाही की चूं नाही.

आता मुद्दा. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणतात की पोरांना चढू देण्याआधी कागद हवा. पालकांनी सही करायची की पोराला काही झालं तर आमची तक्रार नाही. तसा एक पक्का कागद तू लिहून दे. एकदा सही झाली की विषय संपला, असा. तुझ्या डाव्या हातचा मळ आहे.

ताई

११ फेब्रुवारी

वकीलसाहेब,

उत्तर आलं! पाकिटावर तुझं अक्षर बघून मी मशीन बंद केलं आणि कारागिराला सांगितलं, आज कोणी आलं तर मी नाही. मग वाचलं. आणि मग कपाळाला हात लावला.

सख्ख्या बहिणीला कोणी मुद्दे घालून पत्र लिहितं का रे? एक, फुकट केलं म्हणून जबाबदारी सुटत नाही. दोन, पालकांच्या सहीने फारसं काही साधत नाही, कारण लागणार पोराला, आणि पोराचा हक्क आईबापाला असा सहीने सोडून देता येत नाही. तीन, शाळा मालक म्हणून अडकेल आणि तुम्ही बांधणारे म्हणून अडकाल. चार, चांगल्या मनाने केलं हे न्यायाधीश कौतुकाने ऐकेल आणि मग विचारेल की काळजी काय घेतली.

म्हणजे जो काहीच करत नाही तो सुखी! ज्याने वर्षभर पोरांना भिंतीला टेकून उभं राहिलेलं बघितलं आणि घरी जाऊन जेवला, त्याच्यावर कसलाही दावा होत नाही. हा तुझा कायदा? मी बेकरीवाल्याला वाचून दाखवलं तर तो घाबरून म्हणाला, "ताई, मी फक्त रंग लावला हो."

बरं, तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते, नाहीतर म्हणशील टाळते. आराखडा कोणी काढला? चित्रकलेच्या बाईंनी, फळ्यावर. तो कुठे आहे? पुसला, दुसऱ्या दिवशी तिथे फुलदाणी काढायची होती. बांधल्यावर कोणी तपासलं? आम्हीच, नाचून. बाहेरचं कोणी? बाहेरच्याला काय कळतंय! खाली जमीन कशी आहे? उत्तम. मोठ्या बाईंनी चिखल नको म्हणून मुद्दाम सिमेंट करून घेतलंय. पोरांनी वापरून बघितलं का? नाही, मैदानाला दोर बांधलाय, कागद झाल्याशिवाय कोणी जायचं नाही.

एक प्रश्न राहिला, तो किरकोळ आहे, त्याचं नंतर.

तू काहीही म्हण, जहाज झकास झालंय. उन्हात असं चमकतं की रस्त्यावरची माणसं थांबून बघतात.

ताई

१५ फेब्रुवारी

वकीलसाहेब,

घाईत लिहितेय. फक्त माहिती म्हणून विचारते.

समजा, एखाद्या ठिकाणी दोर बांधलेला आहे. समजा, शाळा सुटल्यावर एखादं पोर त्या दोराखालून गेलं. कोणी बोलावलेलं नव्हतं. आणि समजा, त्याला थोडंसं काही झालं. अगदी थोडं. कानामागे खरचटलं एवढंच समज. तर दोष कोणाचा? दोर होता हे चालतं का? आणि समजा, ज्या बाईने ते बांधलं तिनेच धावत जाऊन पोराला धरलं, तर त्याचा काही फायदा?

लवकर कळव. इकडे सगळं ठीक आहे.

ताई

१९ फेब्रुवारी

धाकट्या,

"समजा पुरे, मूल कोणाचं आणि लागलं किती ते लिही." एवढं एकच वाक्य तू पाठवलंस, तेही तातडीने. मला वाचून रडू आलं. तुझा राग नाही आला, हे आधी लिहिते.

भिंगरी म्हणतात तिला. पहिलीत आहे. चौकातल्या औषधाच्या दुकानात काम करते त्या बाईची मुलगी. शाळा सुटल्यावर आई येईपर्यंत ती फाटकाशी थांबते, आणि तिला एका जागी उभं राहता येत नाही, म्हणून ते नाव. दोराखालून गेली, खालच्या डेकवर चढली, आणि पायऱ्यांनी कोण उतरत बसणार म्हणून दोन गजांमधून पाय बाहेर सोडले. पाय गेले, कंबर गेली, छाती गेली. डोकं राहिलं. हनुवटी गजाला, पाय जमिनीच्या वर. मी रस्त्यापलीकडून पाहिलं. हातातलं टाकून कशी धावले मला आठवत नाही. मी तिला खालून उचलून धरली, बसचालक तिथेच बस लावून उतरत होता, त्याने बसचा जॅक आणला, दोन गजांमध्ये आडवा लावला आणि गज फाकवले. बेकरीवाला पिंप भरून तेल घेऊन आला, तोवर ती सुटली होती. खरचटलंय, बाकी काही नाही. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पण मी पोचायला जरा उशीर केला असता तर?

आता तुझा तो राहिलेला प्रश्न. "गजांमधलं अंतर बाबांच्या ठोकळ्याने तर नाही ना ठेवलंस?"

बाबांच्या ठोकळ्यानेच ठेवलं. फाटकाच्या. तू लहानपणी त्यावर बसून अभ्यास करायचास, तोच. दोन गजांमध्ये तो धरायचा, वेल्डिंगचा डाग मारायचा, सरकवायचा, पुन्हा धरायचा. टेप लागत नाही. आजवर केलेल्या सगळ्या फाटकांना तेच अंतर, आणि एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही, कारण फाटकातून कोणी मोठा माणूस घुसून बसत नाही. माझा हात आपोआप तिकडे गेला. जहाज पोरांचं आहे हे माझ्या डोक्यात होतं, हातात नव्हतं. आम्ही मजबुती बघितली ती आमच्या वजनाने. आमच्यापैकी कोणाचं डोकं त्या फटीत जाणं शक्यच नव्हतं, म्हणून ती फट कोणाला दिसलीच नाही. तुला पत्रावरून दिसली. तू त्याच घरात वाढलास ना.

त्या एका वाक्यानंतर दुसऱ्या दिवशी तुझं मोठं पत्र आलं. "पोराच्या घरच्यांना भेटू नकोस. माफी मागू नकोस, ती कबुली धरली जाईल. दोर होता, शाळेने परवानगी दिली नव्हती, यावर बचाव उभा राहतो." हे पत्र मला उशिरा मिळालं. खोटं बोलते. वेळेवर मिळालं. खिशात घातलं आणि औषधाच्या दुकानात गेले.

भिंगरीच्या आईने मला बघितलं आणि म्हणाली, "सही घ्यायला आलात का?"

"नाही. सांगायला आले. चूक माझी आहे. गजांमधलं अंतर मी चुकीचं ठेवलं."

"मुद्दाम?"

"नाही हो! सवयीने."

"सवयीने," ती म्हणाली, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देऊन त्याला कसं घ्यायचं ते नीट सांगितलं. तो गेल्यावर मला म्हणाली, "मी सवयीने चुकीची बाटली दिली तर?"

मी म्हटलं, "मला माफ करा."

"तुमच्या त्या अंतराचं माप तुम्हाला पाठ असेल. माझ्या पोरीच्या डोक्याचं माप घेतलं होतंत कधी?"

"नाही."

"मग घ्या."

भिंगरी काउंटरमागे खोक्यांवर बसली होती. मी खिशातला टेप काढला आणि तिथेच तिचं डोकं मोजलं, लांबी, रुंदी, मग खांदे, मग कंबर. तिला गुदगुल्या होत होत्या. ती विचारत होती, टोपी शिवणार का. तिची आई हसली नाही. म्हणाली, "दावा करायचा की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही. आधी तुम्ही काय करता ते बघते."

माझ्या वकिलाचं सगळं मी पाण्यात घातलं, मला माहीत आहे. रागव. पण तुझा तो बचाव मी वापरणार नाही. तो चांगला आहे. तो खरा नाही.

तुझी ताई

८ मार्च

धाकट्या,

रागावलास. पान भरून रागावलास. आणि मग शेवटी, मुद्द्याचा आकडा न घालता, "वेल्डिंगचा चष्मा लावतेस ना? डोळे कसे आहेत?" लावते रे. डोळे बरे आहेत. पाणी येतं कधीकधी, ते ठिणग्यांचं नाही.

आणि तू तपासनीस पाठवलास! मला वाटलं कोणी सुटाबुटातला येऊन नाक मुरडून जाईल. आला तो पिशवी घेऊन, आणि पिशवीत काय? काठीला लावलेली लाकडी डोकी! लहान डोकं, मोठं डोकं, आणि एक धडाच्या मापाचा तुकडा. प्रत्येक फटीत घालून बघायचा. नियम साधा आहे, तुलाही सांगते: जिथून पोराचं धड जाईल तिथून डोकंही गेलंच पाहिजे, नाहीतर धडही जाता कामा नये. इतकी साधी गोष्ट! मी इतकी खूश झाले की त्याच दिवशी सुताराकडून तसा संच करून घेतला. बसचालक त्यातल्या मोठ्या डोक्याला मोठ्या बाईंच्या नावाने हाक मारतो. त्यांना कळवू नकोस.

तपासनिसाने आमच्या जहाजाची पार सालटी काढली. गज सगळे नापास. घसरगुंडीच्या वरच्या टोकाला फट, पोराच्या कपड्याची नाडी अडकेल, नापास. बोल्टांची टोकं बाहेर, नापास. सिमेंट बघून तर तो खालीच बसला. "बाई, इथे पोर पडलं तर?" मोठ्या बाई म्हणाल्या, "पण धुवायला सोपं आहे." सिमेंट फोडलं. आता तिथे जाडसर वाळू आहे आणि मोठ्या बाईंना रोज दुःख होतं.

मी सगळे गज कापून काढले. सगळे! पुन्हा बसवले, आणि प्रत्येक फटीत आधी लाकडी धड, मग डाग. रोज काम संपल्यावर आम्ही चौघं तिथे. इतका उत्साह मला बाबा असताना पहिलं मोठं फाटक एकटीने केलं तेव्हा आला होता.

आता एक वाईट. आपल्यावर दावा होऊ शकतो हे कळल्यापासून चित्रकलेच्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालंय. त्यांचं म्हणणं, कोणी विचारलं की कोणी केलं, तर "शाळेचं आहे" एवढंच म्हणायचं, नावं घ्यायची नाहीत. बसचालकाला दोन पोरं सांभाळायची आहेत, बेकरीवाल्याने तर बोलणंच बंद केलंय, फक्त रंग देतो. त्यांना नावं ठेवता येत नाहीत. मलाही वाटतं कधी की हात झटकावेत. तू लिहिलंस की नाव लपवून काही होत नाही, चौकशी झाली की पहिल्या दिवशी सगळं निघतं. ते मी त्यांना वाचून दाखवलं आणि ते जास्तच घाबरले. तुझ्या पत्रांचा हा एक गुण आहे.

तू दिलेला कागद मात्र पोचला. त्यात पालकांची सही कुठेच नाही! मी दोनदा वाचला. काय बांधलं, कसं, कोणी तपासलं, दर महिन्याला कोण बघणार, मोडलं तर कोण बंद करणार, आणि शाळेने विमा उतरवायचा. मोठ्या बाईंनी शाळेच्या वतीने सही केली. बांधणाऱ्यांच्या जागी मी केली. तिघांनी अजून केलेली नाही.

भिंगरीची आई रोज कामाला जाताना भिंतीपाशी थांबते, गजांकडे बघते आणि निघून जाते. माझा जीव टांगणीला आहे. कोर्टाची भीती कधीच मागे पडली. या बाईची वाटते.

तुझी ताई

२७ मार्च

धाकट्या,

आज उघडलं!

तपासनीस सकाळी पुन्हा आला, पास म्हणाला, विम्याचंही झालं होतं. मोठ्या बाईंनी दोर सोडला. लहान वर्गांची सगळी पोरं रांगेत उभी, पालक भिंतीशी, आणि आम्ही चौघं पार मागे, कोणाच्या लक्षात येऊ नये असे. मोठ्या बाई म्हणाल्या, "चला!" आणि एकही पोर हललं नाही. सगळी भिंगरीकडे बघत होती. तिचं काय झालं होतं ते सगळ्यांना माहीत, आणि पोरांनी ते सांगून सांगून असं वाढवलं होतं की त्यांच्या मते तिचं डोकं तुटून पुन्हा लावलेलं होतं.

तिची आई तिच्या शेजारी. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. मला वाटलं, आता ती मुलीचा हात धरून निघून जाईल, आणि ते बरोबरच असेल. तिने हात धरलाच होता. मग ती खाली वाकून म्हणाली, "तुला जायचं असेल तर जा. नसेल तर घरी जाऊ." आणि हात सोडला.

भिंगरी एकटी पुढे गेली. सरळ खालच्या डेकपाशी, त्याच जागी. आणि काय केलं सांगू? दोन गजांमध्ये डोकं घालून बघितलं! मुद्दाम! डोकं गेलं नाही. मग तिने पाय घातला, मांडीपर्यंत गेला, कंबर अडली, पाय काढून घेतला. ती वळून सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली, "इथून नाही जात!"

मग पुढची फट. "इथूनपण नाही!" मग पुढची. अरे, एकही सोडली नाही! खालचा डेक झाला, वर गेली, वरचा डेक, घसरगुंडीचं टोक, जाळीचं प्रत्येक भोक, प्रत्येक ठिकाणी डोकं लावायचं आणि ओरडायचं. तपासनिसाने पिशवी खाली ठेवली आणि हात बांधून बघत राहिला. तिसऱ्या-चौथ्या फटीपासून सगळी पोरं तिच्याबरोबर ओरडायला लागली, "इथूनपण नाही!" पालक हसायला लागले. मी रडत होते आणि हसत होते आणि बसचालक माझा दंड इतका घट्ट धरून उभा होता की अजून दुखतोय.

सगळं तपासून झाल्यावर ती वरच्या डेकवर कठड्याला धरून उभी राहिली, आमच्या दिशेने बघितलं आणि विचारलं, "हे कोणी बनवलं?"

पोरीने सहज विचारलं रे. पण आम्हा चौघांना घाम फुटला. इतके दिवस ज्या प्रश्नाला घाबरत होतो तोच, तोही सगळ्या पालकांसमोर. चित्रकलेच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. भिंगरीची आईही वळून आमच्याकडे बघत होती.

आणि पहिला कोण बोलला असेल? बेकरीवाला! इतके दिवस मुका झालेला माणूस खच्चून ओरडला, "मी रंगवलं!" बसचालक म्हणाला, "मी चाक लावलं. जाळीपण मीच." मग चित्रकलेच्या बाई, अगदी हळू आवाजात, "चित्र माझं होतं." त्यानंतर तिघंही मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि सह्या करून आले. मी सांगितलं नव्हतं.

पण ते नंतर. आधी भिंगरी माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आणि या टेपवाल्या काकूंनी?"

मी म्हटलं, "गज मी बसवले. एकदा चुकीचे बसवले, मग बरोबर. आणि चूक माझ्या धाकट्या भावाने ओळखली, म्हणून त्यानेपण बनवलं."

तिच्या आईने मान हलवली. एकदाच, माझ्याकडे बघून. मग मुलीला म्हणाली, "घसर आता, मला दुकान उघडायचंय." आणि भिंगरी घसरली, आणि तिच्यामागून सगळं मैदान जहाजावर तुटून पडलं, आणि असा गोंगाट झाला की मोठ्या बाईंनी कानावर हात ठेवले. माझा जीव भांड्यात पडला.

थोड्या वेळाने ती वाळूने भरलेली पोरगी माझ्यापाशी आली. "तुमचा भाऊ कुठाय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "येतोय, रविवारी."

तेव्हा आता तुझं तू बघ. सगळ्या पालकांसमोर, मोठ्या बाईंसमोर आणि तूच पाठवलेल्या तपासनिसासमोर मी तुला बांधणारा म्हणून जाहीर केलंय. साक्षीदार भरपूर आहेत. आणि एका पहिलीतल्या मुलीला दिलेला शब्द आहे. खाट मी आजच उन्हात टाकलीय.

तुझी ताई